उतरंडीतला शेवटचा

चुनछॉन
४ फेब्रुवारी २०१९

दोक-सू,

बत्तीस वर्षांनी तुला पत्र लिहितोय. अक्षर वेडंवाकडं आलंय म्हणून हात थरथरतोय असं समजू नकोस, हे बॉलपेनच भिकार आहे.

उद्या चांद्र नवं वर्ष. सकाळी तांदळाच्या वड्यांचं सूप प्यायलं की आपण सगळेच एकेक वर्षाने मोठे होणार. तू आपल्या गावचा सरपंच झालास हे ऐकलं. अभिनंदन. रोज सकाळी सात वाजता भोंग्यावरून गावाला उठवतोस म्हणे, टाकी धुणार आहेत, बादल्या भरून ठेवा, वगैरे. तुझा आवाज पहिल्यापासूनच दांडगा. हल्ली समुद्रात माकूळ पूर्वीसारखं मिळत नाही असंही कळलं. वाईट वाटलं.

आता कामाचं. आपल्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी ठरवलंय की बंदराच्या धक्क्यापाशी माझ्या नावाचा दगड बसवायचा. वर लिहायचं, 'ब्योन संग-हो, मॅरेथॉन धावपटू, या गावचा सुपुत्र', आणि खाली मोठ्या अक्षरांत एकच शब्द, 'मनोबल'. मी काही दगड मागायला गेलो नव्हतो. लोकांचं प्रेम आहे, नाही कसं म्हणणार? पण जागा गावाची, म्हणून सरपंचाचा शिक्का लागतो. फॉर्म सोबत आहे. तिकीट लावलेलं पाकीटही आहे. तुला फक्त शिक्का उठवायचाय. दगड दहा एप्रिलला बसेल.

आपले प्रशिक्षक हाम सर गेले हे तुला कळलं का? तुला कोणी कळवलं नसणार, म्हणून लिहितो. जानेवारीत गेले, त्र्याऐंशी वर्षांचे होऊन, झोपेत. आपल्या कोळसा कंपनीच्या संघातले सगळे जिवंत गडी आले होते. तीन दिवस मयताच्या घरी बसून तिखट मटणाचं सूप आणि सोजू दारू. कर्णधार मा आता मधुमेहाने पार वाळलाय, पण तोंड तेच. त्याने आपलं वाकडं बोट सगळ्यांना दाखवलं. "हे बघा, हे सरांनी शहाऐंशी साली मोडलं. मोडलं म्हणून मी माणूस झालो!" मग प्रत्येकाने आपापला मार सांगितला. लोक आपल्या लग्नाचे किस्से सांगतात ना, तसं. कोणाच्या कानशिलात किती, कोणाचा दात कधी पडला, कोण दोन आठवडे पोटावर झोपला. हसून हसून डोळ्यांतून पाणी आलं.

मध्येच कोणीतरी विचारलं, "अरे, तो योम दोक-सू कुठे असतो? केवढा पळायचा तो!"

 मग मा म्हणाला, "तो बर्फावर घसरला ना रे? घोट्यामागची शीर तुटली त्याची."

"हो," मी म्हणालो. "घसरला."

निघताना सरांच्या बायकोने मला बाजूला बोलावलं आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक लांब वस्तू हातात दिली. "तुम्ही त्यांचे लाडके. हा तुम्हीच ठेवा." घरी येऊन उघडलं. कुदळीचा दांडा. लाल रंगातली अक्षरं अजून शाबूत आहेत.

शिक्का लवकर पाठव.

ब्योन संग-हो

—

चुनछॉन
११ मार्च २०१९

दोक-सू,

पाच आठवडे झाले. पाकीट मी दिलं, तिकीट मी लावलं, तुला नुसता हात हलवायचा होता. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते तुझ्याकडे बघूनच म्हणत असावेत. दगड घडवणारा रोज फोन करतोय. त्याला काय सांगू? सरपंच माकूळ वाळत घालण्यात गुंतलेत असं सांगू?

काल बायकोने हे पत्र मी लिहायला घेतलेलं पाहिलं. म्हणाली, "त्या माणसाने तुमचं काही बिघडवलंय का? तुम्ही तर पत्रातून भांडताय." मी तिला म्हटलं, तू स्वयंपाकघरात जा. ती गेली नाही. म्हणाली, "आणि तो दांडा चपलांच्या कपाटात का ठेवलाय? रोज दार उघडलं की छातीत धस्स होतं."

खरं सांगू? मलाही होतं.

बरं, तुला जे हवंय ते लिहितो. मी सात वर्षांचा होतो आणि तू आठ. शाळा आठ किलोमीटरवर. बस धूळ उडवत निघून जायची आणि आपण रबरी सपाता हातात घेऊन तिच्यामागे पळायचो. तू पुढे, मी मागे. वळणावर तू थांबायचास, ओरडायचास, "ये रे गोगलगायी!" एकदा शिंपल्याने माझी टाच चिरली, तर मला पाठीवर घेऊन तू शाळेपर्यंत गेलास. उशीर झाला म्हणून गुरुजींनी छड्या मारल्या. माझ्या वाट्याच्याही तू हात पुढे करून घेतल्यास. तेव्हा मी तुला दादा म्हणायचो. दोक-सू दादा. घे, लिहून टाकलं एकदाचं.

तुझ्याआधीची दोन भावंडं वर्षाच्या आत गेली, म्हणून तुझ्या वडिलांनी तुझा जन्म नोंदवला तो दोन वर्षांनी, पोर जगतंय अशी खात्री झाल्यावर. तू ड्रॅगनच्या वर्षाचा, मी त्यापुढच्या सापाच्या, आणि कागदावर तू त्याही पुढच्या घोड्याच्या. अशी माणसं गावात घरटी एक होती. तिथे कोणी कोणाचा कागद पाहत नसे.

पण संघात पाहत. संघात सगळं वयावर होतं.

तुला उतरंड काय ते सांगायला नको, पण लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाहीये. मी चौऱ्याऐंशी साली थेबेकला संघाच्या छावणीत गेलो तेव्हा आम्ही चौघं होतो. वेळ चुकली, कोणी अंथरूण नीट घडी केलं नाही, सरांना कंपनीच्या साहेबाने झापलं, काहीही झालं की उतरंड लागायची. सर कर्णधाराला दहा मारायचे. कर्णधार आपल्या खालच्या सगळ्यांना दहा दहा. मग दुसऱ्या नंबरचा त्याच्या खालच्यांना. कर्णधाराला फक्त दहा, आणि सगळ्यांत लहानाला वरच्या प्रत्येकाचे. मार फक्त बैठकीवर. पायाला दांडा लागता कामा नये. सर म्हणायचे, पाय तुमचे नाहीत, कंपनीचे आहेत. शेवटच्याने मार खाऊन झाल्यावर वळायचं आणि सगळ्यांचे वाकून आभार मानायचे. त्याला मारायला खाली कोणी नसतं.

अठरा महिने तो शेवटचा मी होतो. अठरा महिने मी पोटावर झोपलो. सकाळी चड्डी कातडीला चिकटलेली असायची, ती गरम पाणी लावून सोडवायची आणि मग तीस किलोमीटर पळायचं. खाणीतला कोळसा वाहून नेणाऱ्या मालगाडीकडे पाहून मला वाटायचं, एखाद्या दिवशी रुळावर आडवं व्हावं.

आणि पंच्याऐंशीच्या ऑक्टोबरात तू आलास. हातात वाळवलेल्या माकुळांची जुडी, गालफडं लाल, आवाज तोच. दारातूनच ओरडलास, "ए संग-हो! काय रे, काठीसारखा वाळलास!" आणि माझ्या पाठीत धपाटा घातलास.

मा तिथेच मोज्यांना ठिगळ लावत बसला होता. त्याने सुई खाली ठेवली.

"ए नव्या, कोणाशी बोलतोस?"

"संग-होशी. आमच्या गावचा आहे. धाकटा आहे माझ्याहून."

"कागदावर तर तू धाकटा."

"कागद खोटा आहे दादा. मी ड्रॅगनच्या वर्षाचा."

"इथे येणारा प्रत्येक गांडूळ आधी ड्रॅगनच असतो," मा म्हणाला, आणि माझ्याकडे वळला. "तू सांग. एका गावचे आहात. कागद खरा की हा?"

मला किती वेळ मिळाला असेल? एखादा श्वास. मला फक्त म्हणायचं होतं, हा माझा दादा आहे. मग तू माझ्या वर उभा राहिला असतास, मी शेवटचाच राहिलो असतो, आणि वर मारणारा एक हात वाढला असता. अंगावर आदल्या मंगळवारचे वळ होते.

"कागद खरा," मी म्हणालो.

कर्णधाराने तुला चार थोबाडीत मारल्या. तुझ्या हातातली जुडी खाली पडली. "म्हण, ब्योन दादा, चुकलो." तू माझ्याकडे पाहिलंस. नाकातून रक्त येत होतं, ते तू पुसलं नाहीस. म्हणालास, "ब्योन दादा, माफ करा. मी चुकलो." आणि पुढची दीड वर्षं मला 'तुम्ही' म्हणालास, माझे मोजे धुतलेस. खोलीत आपण दोघंच असलो तरीसुद्धा. त्याने मला जास्त राग यायचा. एकदा तरी शिवी दिली असतीस तर बरं झालं असतं.

आता तुझ्या पायाचं. बर्फावर घसरलास हे खरं नाही, ते तुला माहीत आहे आणि मला माहीत आहे. माझ्या हातून दांडा लागला. दांडा ओला होता. हात सटकला. माणसाच्या हातून चूक होते. कोळसा उगाळावा तितका काळाच. आता तरी शिक्का मार आणि मोकळा कर मला.

संग-हो

—

चुनछॉन
२६ मार्च २०१९

दादा,

पाकीट काल आलं. मी दारातच उभ्याउभ्या फाडलं. फॉर्मवर तुझा शिक्का, लाल, सरळ, जराही फिसकटलेला नाही. पाकीट उलटं करून झटकलं. चिठ्ठी नाही. एक अक्षर नाही.

मला हवं होतं ते मिळालं होतं. आनंद व्हायला हवा होता. मी चपलांच्या कपाटासमोर जमिनीवर बसलो तो बायको बाजारातून परत येईपर्यंत बसून होतो.

मला वाटलं होतं तू नाही म्हणशील. शिव्या घालशील, गावभर बोंब मारशील. मग मी म्हणालो असतो, बघा, जुना मत्सर. माझी सगळी तयारी त्याची होती. शिक्क्याची नव्हती.

दादा, माझा हात सटकला नव्हता.

सत्त्याऐंशीचा मार्च. निवड आठ दिवसांवर आली होती. जपानातल्या शर्यतीला आपल्या संघातून एकच जण जाणार होता. मा म्हातारा होत आला होता, मधले दोघं कामापुरते. खरं म्हणजे तू आणि मी. सर सकाळी घड्याळ घेऊन जीपमधून मागे येत होते. रस्त्याच्या कडेला कोळशाने काळा पडलेला बर्फ. पस्तीस किलोमीटरांचा सराव, आणि सरावाचा नियम तुला पाठ होता, दादाला मागे टाकायचं नाही. पुढे कर्णधाराने पळायचं, मग बाकीचे ओळीने, शेवटी तू. दीड वर्षं तू माझ्या पाठोपाठ पळालास. तुझा श्वास मला ऐकू यायचा. तो कधी चढलेला नसायचा, दादा. माझा चढलेला असायचा.

त्या दिवशी तिसाव्या किलोमीटरला, पुलाच्या अलीकडे, तू बाजूला झालास आणि मला मागे टाकलंस. मग त्या दोघांना. मग कर्णधाराला. वळून पाहिलं नाहीस. मी जोर लावला, छाती फुटायची वेळ आली, आणि तरी तू लहान लहान होत गेलास. लहानपणी वळणावर थांबायचास. या वेळी थांबला नाहीस.

सर जीपमधून उतरले ते हसत होते. घड्याळ त्यांनी कर्णधाराला दाखवलं. माचा चेहरा पडला. सर म्हणाले, "वेळ चांगली आहे. पण शिस्तीचं काय ते तुम्ही बघा." आणि जीपमध्ये बसून निघून गेले. सगळ्यांना कळलं काय बघायचं ते.

ओढ्याकाठी उतरंड लागली. सर नव्हते, म्हणून कर्णधाराला कोणी मारलं नाही. त्याने आम्हा मधल्यांना पाच पाच नावाला मारले. तुला दहा, नावाला नाही. मग त्या दोघांनी दहा दहा. तू खडकावर हात टेकून वाकला होतास आणि मोठ्याने मोजत होतास, तसाच नियम होता. तिसावा मोजलास तेव्हा तुझा आवाज फाटला होता. पँटवर रक्त उमटलं होतं. मग दांडा माझ्याकडे आला.

मी दहा मारले. ते मी मान्य केलं असतं, कधीही, कोणासमोरही. ते दहा सगळेच मारतात.

चाळीस म्हणून तू सरळ व्हायला लागलास. संपलं होतं. मी दांडा खाली ठेवायचा होता. माझ्या डोळ्यांसमोर तुझी पाठ होती, पुलापलीकडे लहान होत जाणारी. मी विचार केला, दादा. रागाच्या भरात नाही, लोक म्हणतात तसं डोळ्यांपुढे अंधारी वगैरे आली नाही. सगळं लख्ख दिसत होतं. मी कमरेतून वाकलो आणि उजव्या घोट्यामागे, टाचेच्या दोन बोटं वर, नेम धरून मारलं.

आवाज आला. ओली दोरी ताणून तुटावी तसा. तू ओरडलाही नाहीस, नुसता बसलास, जसं कोणी खालून पाय काढून घेतले. मी सगळ्यांच्या आधी बोललो, "घसरला! बर्फावर घसरला!" कर्णधाराने माझ्याकडे पाहिलं. त्याला कळलं होतं. तो म्हणाला, "हो, घसरला." मग ते दोघंही म्हणाले. दवाखान्यात सरांनी तुला विचारलं तेव्हा मी दाराशी उभा होतो.  तू छताकडे बघत म्हणालास, "घसरलो."

का म्हणालास? बत्तीस वर्षं मी याचं उत्तर शोधतोय. माझी भीती वाटली? कर्णधाराची? मला वाटतं तुला कोणाचीच भीती नव्हती.

पुढचं तू पेपरात वाचलं असशील. जपानात मी दुसरा आलो. तिथून राष्ट्रीय संघ, तिथून आशियातलं सोनं, विमानतळावर हार, शाळांमधून भाषणं. सोन्यामुळे मला सक्तीच्या लष्करी नोकरीतून सूट मिळाली. तुलाही मिळाली, पायामुळे. दोघंही सुटलो. प्रत्येक भाषणात मला विचारायचे, तुमच्या यशाचं रहस्य काय? मी म्हणायचो, मनोबल. सवयीने तोंडात येणारा तोच शब्द होता. दांड्यावर लिहिलेला.

मग वीस वर्षं मी प्रशिक्षक होतो. तुला वाटेल मी तरी शहाणा झालो असेन. मी नवा दांडा केला. मुलं मारायचो, मुली मारायचो. शिस्त म्हणायचो. पाच वर्षांपूर्वी एका मुलीला मी कानाखाली मारलं आणि तिच्या कानाचा पडदा फाटला. तिने तोंडातून ब्र काढला नाही. वडिलांना म्हणाली, न्हाणीघरात घसरले.  दुसऱ्या आठवड्यात मी तब्येतीचं कारण सांगून नोकरी सोडली. माझ्या निरोपाला त्या मुलीनेच फुलं दिली. दोन्ही हातांनी, वाकून.

मला ती फुलं धरवत नव्हती. मला त्या दिवशी तू दिसत होतास.

फॉर्म मी फाडलाय. दगड नको. दांडा वेगळ्या पार्सलने पाठवतोय. जाळ, मोड, माझ्या टाळक्यात घाल, तुझी मर्जी. मला माफ कर असं लिहायला हात धजत नाही, तरी लिहितो. मला माफ कर, दादा.

संग-हो

—

बंदर
३ एप्रिल २०१९

संग-हो,

पत्रं तिन्ही मिळाली. दांडा मिळाला. पोस्टमन म्हणाला, सरपंच, कुदळ नाही का पाठवली, नुसता दांडाच?

मी लिहिणारा माणूस नाही. होड्यांच्या याद्या लिहितो आणि भोंग्यावर काय बोलायचं ते लिहितो. तेव्हा थोडक्यात.

शिक्का मी तुझं पहिलं पत्र आलं त्याच दिवशी मारला होता. मग फॉर्म फळीवर ठेवला. म्हटलं बघू, हा गडी अजून काय काय लिहितो. दुसरं आलं. त्यात अर्धं होतं. अर्ध्यासाठी उत्तर लिहून शाई कशाला घालवायची? म्हणून नुसता शिक्का पाठवला. मला माहीत होतं, शिवी दिली तर तू खूश होशील.

तुझा हात सटकला नव्हता हे मला तेव्हापासून माहीत आहे. अकराव्याच्या आधी तू थांबलास. एक श्वास घेतलास. पळण्याआधी घ्यायचास तसाच. तो माझ्या कानात आहे.

घसरलो असं का म्हणालो? ते एवढं शोधण्यासारखं नव्हतं. खरं सांगितलं असतं तर सरांनी तुझे दोन्ही पाय मोडले असते, कंपनीची मालमत्ता फोडली म्हणून. आणि थोरला धाकट्याची चहाडी करत नाही. तू मला दादा म्हणत नव्हतास. म्हणून मी नव्हतो असं थोडंच आहे? पण तुझ्यावर उपकार केले असं समजू नकोस. पहिली दहा वर्षं मी रोज तुझ्या नावाने थुंकायचो. सकाळी जाळं ओढताना पाय पाण्यात घसरला की थुंकायचो. तू टीव्हीवर सोनं गळ्यात घालून रडलास त्या दिवशी मी टीव्हीत बाटली फेकली. माझ्या बायकोने तो टीव्ही नवीन घेतला होता.

माफी मागितलीस. माझ्याकडे ती नाही. शोधून ठेवतो असंही म्हणत नाही.

त्या मुलीचं वाचून मात्र मी उठून बाहेर गेलो. माझी नात सहावीत आहे. पळते. बसच्या पुढे पळते. परवा दांडा बघून तिने विचारलं, आजोबा, यावर मनोबल का लिहिलंय? मी म्हटलं, दहा तारखेला सांगतो.

आता ऐक. फॉर्म फाडलास, फाडलास. शिक्का माझ्या खिशात असतो, दुसरा फॉर्म केलाय. दगड बसणार. जागा गावाची आहे, आणि गावाला काय हवं ते मी ठरवतो. दगड घडवणाऱ्याला मी सांगितलंय, शब्द तोच ठेव. पुढे दांड्यासाठी एक लोखंडी कडी बसव. दांडा तिथेच राहील. पोरं शाळेला जाताना येताना विचारतील, गावात कोणी ना कोणी सांगेल. मी असेपर्यंत मी सांगेन.

दहा तारखेला सकाळी सात वाजता मी तुझी तिन्ही पत्रं भोंग्यावरून वाचणार आहे. पहिल्या ओळीपासून, बॉलपेन भिकार आहे तिथून. एक शब्द गाळणार नाही, माझ्या नाकातलं रक्तसुद्धा नाही. मला वाचायला लागू नये असं वाटत असेल तर तू आदल्या दिवशी ये आणि स्वतः वाच. माईक चालू कसा करायचा ते दाखवीन. बटण जरा अडकतं.

वाचून झालं की धक्क्याच्या टोकापासून दगडापर्यंत चालायचं आहे. गाव बघायला असेल. अंतर चारशे पावलांचं, पण मला वीस मिनिटं लागतात. हवा गार असली तर पंचवीस. मी पुढे चालेन आणि तू मागे.

नियम तुला पाठ आहे. दादाला मागे टाकायचं नाही.

योम दोक-सू